माझ्या गळ्यातले फुटाणे

“मॅडम, मशीनमधल्या गळ्याला सर्दी होते का?”

अख्खा हॉल फिस्सकन हसला. मलाही हसायचं होतं, पण प्रश्न मीच विचारला असल्यामुळे तोंड गंभीर ठेवून उभं राहणं भाग होतं. मागच्या बाकावर नाझनीन आणि प्राजू ओढणीत तोंड खुपसून हलत होत्या. पैज त्यांचीच. “शालू, विचारून दाखव. विचारलंस तर महिनाभर तुझ्या डब्यातलं कारलं आम्ही संपवू.” कारल्यापासून सुटका होणार असेल तर मी याहून वेडा प्रश्न विचारला असता.

त्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. ‘नादपेटी’ नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडून त्या आमच्या शाळेत आल्या होत्या, सगळ्या मुलींचे गळे नोंदवायला. दोन वर्षांपासून हा कायदाच झालाय. त्याआधी कुणीही कुणाच्याही आवाजात फोन करायचं. आमच्या इचलकरंजीत एका माणसाला त्याच्या मुलीच्या आवाजात रडत फोन आला आणि त्याने घाबरून बँकेचा सगळा तपशील सांगून टाकला. तेव्हापासून ज्याचा गळा त्याच्या नावावर.

“होते,” मॅडम म्हणाल्या. “चांगला प्रश्न आहे. हसू नका. गाताना तुमच्या गळ्यात दोन कामं चालतात. खाली स्वरतंतू थरथरतात, त्यावर सूर ठरतो, वरचा की खालचा. त्यांच्यावर घसा, तोंड आणि नाक मिळून एक वाकडीतिकडी नळी असते, प्रत्येकीची निराळी. ती त्या थरथरीतलं काही फुलवते, काही दाबते. म्हणून तर एकच सा पेटीवर वेगळा लागतो आणि बासरीवर वेगळा. आमचं यंत्र त्या नळीचा नकाशा काढतं. त्या नकाशाला आम्ही गळा म्हणतो. ही पट्टी मानेला बांधली की सूर तुमचा स्वतःचा राहतो आणि स्पीकरमधून तो नोंदवलेल्या गळ्यात ऐकू येतो. स्पर्धेच्या दिवशी घसा बसला तरी तुमचाच निरोगी गळा हजर!”

“मग सर्दी?” मी सोडते थोडीच.

“मुलांचे गळे वाढतात, बदलतात. म्हणून नादपेटीवर तुमचा आवाज कुठेही आला की यंत्र तो ओळखतं आणि नवा नमुना जुन्या गळ्यात मिसळतं. सर्दीत गायलात तर थोडी सर्दी मिसळेल. दातांना तारा बसवल्या तर स शिट्टी मारायला लागतो, तेही ते शिकतं. स आणि श यांना सूर नसतोच, ती दातांतून निसटणारी हवा. त्यांचा कप्पाच वेगळा ठेवलेला असतो, तुम्ही स म्हटलात की स्पीकरमध्ये तो तिथून येतो.”

मी खाली बसले. कारल्याची पैज जिंकली होती. त्या कप्प्याची गोष्ट मात्र डोक्यात कुठेतरी पडून राहिली.

मग एकेकीने माईकसमोर जाऊन धडा वाचायचा होता. कॉम्प्युटरवर नावं घालायला केतकी चौगुले बसली होती. केतकी आमच्याच वर्गातली, आमच्याच गल्लीतली, समूहगानाची प्रमुख आणि पोतदार सरांची लाडकी. माझं वाचून झाल्यावर ती हेडफोन काढून माझ्याकडे बघतच राहिली.

“काय गं?” मी विचारलं.

“काही नाही. तुझा आवाज यात केवढा भारी येतोय.”

मी खूश! केतकीने माझं कौतुक केल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

आठवडाभराने समूहगानाची तालीम होती. सर म्हणाले, “केतकी, कोण सुरात नाही ते बघ जरा.” ती रांगेतून प्रत्येकीच्या तोंडाला कान लावत आली आणि माझ्यापाशी थांबली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “शालू, तू नुसते ओठ हलव हं. फोटोत छान दिसतेस.”

नाझनीनसुद्धा हसली. नंतर तिने माफी मागितली, पण हसली.

मी घरी आले, दप्तर फेकलं आणि शपथ घेतली. शाळा-शाळांच्या जिल्हा स्पर्धेत एकल गायनासाठी आधी रेकॉर्डिंग पाठवायचं असतं. मी ते एकटीने करणार आणि केतकीच्या नाकावर टिच्चून पाठवणार!

आता नादपेटीबद्दल सांगते. ती उघडली की समोर इतकी बटणं, घुंड्या आणि हलणाऱ्या रेघा येतात की आपण विमान चालवायला बसलोय असं वाटतं. पहिल्या दिवशी मी जीव तोडून पूर्ण गाणं गायले आणि ऐकायला लावलं तर शांतता. ज्या थरावर रेकॉर्ड करायचं त्याचा लाल दिवा आधी लावावा लागतो, हे मला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी दिवा लावला तर माईक उलटा. त्यात माझ्याऐवजी आईचं फोनवरचं बोलणं सुरेख आलं, मामीच्या नव्या सोफ्याबद्दल जे काही म्हणायचं होतं त्यासकट. मग हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू यायला लागला. मी त्याच्यासाठी थांबायचे, तोही माझ्यासाठी थांबायचा, आणि गाणं म्हाताऱ्या बैलगाडीसारखं व्हायचं. मग आवाजाची पातळी दाखवणारी रेघ तांबडी होऊन आवाज फाटायला लागला. दर वेळी नादपेटीतली बाई गोड आवाजात विचारायची, “पुन्हा प्रयत्न करूया का?” तिला मी चटणीत वाटली असती.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे आमच्या इथले कापडाचे माग. पप्पा ज्या कारखान्यात मागांची देखभाल करतात तो घराला चिकटून आहे. नवे माग आवाज करत नाहीत असं मालक म्हणतो. नादपेटीला विचारा! प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी खटक् खटक् खटक्.

“पप्पा, माग बंद ठेवा ना थोडा वेळ.”

“व्हय, मालकाला सांगतो. आमच्या लेकीचं गाणं हाय, आज कापड नको.”

पण त्यांनीच कारखान्यामागच्या गोदामाची किल्ली दिली. तिथे छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले असतात. दोन ढिगांच्या फटीत शिरून मी “अं” म्हटलं आणि दचकलेच. आवाज भिंतीवर आपटून परत येतच नव्हता, कापड तो पिऊन टाकत होतं. माग नाही, कुकर नाही, मामीचा सोफा नाही. तिथे बसून मी एकेक बटण शिकले. थर कसे रचायचे, नको तो तुकडा कसा कापायचा, दोन तुकड्यांचा सांधा ऐकू येणार नाही असा कसा बुजवायचा. एक दिवस नादपेटीतल्या बाईने काहीच विचारलं नाही. मी त्या ताग्यांत उभी राहून नाचले.

गाणं तयार झालं. स्पर्धेचं पान उघडून पाठवलं. उत्तर आलं.

‘हा गळा आधीच नोंदलेला आहे. मालक : केतकी चौगुले. आपला नमुना मूळ गळ्यात जमा केला आहे. धन्यवाद!’

मी पुन्हा पाठवलं. पुन्हा धन्यवाद.

हेडफोन काढून माझ्याकडे बघत बसलेली केतकी मला आठवली. तेव्हाच तिने माझ्या आवाजासमोर स्वतःचं नाव घातलं होतं. कायद्याने आता माझा गळा तिचा होता, आणि मी होते नक्कल. उद्या मी कुठेही गायले, कुठेही माझा आवाज पाठवला, तर चोर मी ठरणार होते.

धावत पोतदार सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. “शाल्मली, केतकीचं गाणं पहिल्या फेरीत आत्तापर्यंत जिल्ह्यात अव्वल आहे. ऐकलंस ना? आणि तुझं गाणं मी ऐकलंय. आता तूच सांग, तो गळा कुणाचा असेल?”

म्हणजे बघा. आमच्या गावात कुणी चांगलं गायलं की ‘गळा चांगला आहे’ म्हणतात. सुराचं श्रेय गळ्याला आणि गळ्याचं सुराला. मी बेसूर, म्हणून माझा गळा चांगला असूच शकत नाही, असा सरांचा हिशेब. मॅडमनी दोन्हीतला फरक समजावला होता तेव्हा सर बाहेर चहा पीत होते.

“मॅडमना बोलवा ना, सर.”

“स्पर्धा होऊ दे. शाळेचं नाव आहे त्यात.”

घरी पप्पा म्हणाले, “जाऊ दे बाळा, तुला कुठं गायचं हाय?” ते सगळ्यांत जास्त लागलं.

केतकीला मी शाळेच्या नळावर गाठलं. तिने मुकाट कबूल केलं असतं तर कदाचित मी रडून घरी गेले असते. पण ती बाटली भरत राहिली.

“हो, घेतला. माझा गळा चिरका आहे. लहानपणापासून रियाज करते, पण पहिल्या फेरीपलीकडे मला कधी कुणी जाऊ दिलं नाही. सूर अचूक, पण आवाजात गोडवा नाही, असंच लिहून देतात दर वेळी.”

“म्हणून माझा घ्यायचा?”

“तू त्या गळ्याचं काय केलंस आजवर? ‘इंटरव्हल झाली गं’ म्हणून ओरडलीस. माझ्यामुळे तो लोकांनी ऐकला तरी. आभार मान.”

आभार! मी तिथेच ठरवलं. मानणार. भर स्टेजवर मानणार.

तेव्हा हादग्याचे दिवस सुरू होते. संध्याकाळी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवते. आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. ती खिरापत. ओळखल्याशिवाय कुणाला काही मिळत नाही. यात गल्लीत माझा हात कुणी धरत नाही. डबा एकदा हलला की मी सांगते, शेंगदाणे की शंकरपाळ्या, वड्या की लाडू. त्या दिवशी आईने डबा हलवला. खळ्ळ. दातांतून हवा निसटावी तसा.

“फुटाणे!” मी ओरडले आणि ओरडता ओरडता तो कप्पा आठवला. स आणि श यांचा वेगळा कप्पा. आणि नवा नमुना जुन्यात मिसळणारं ते शहाणं यंत्र. धन्यवाद!

“आई, हा डबा मला दे.”

“खा की इथंच.”

“खायचा नाही गं. शिकवायचाय.”

गोदामात गेले. माईकसमोर ‘ससा, सासू, सासवड, सामोसा’ म्हणत प्रत्येक सला डबा वाजवला. यंत्राने फटकन उत्तर दिलं, ‘हा आवाज माणसाचा वाटत नाही.’ नुसती दांडगाई चालणार नव्हती. मग मी जे जे रडतरखडत शिकले होते ते सगळं बाहेर काढलं. एका थरावर माझा आवाज, दुसऱ्यावर डबा. डब्याच्या आवाजाचे बारीक तुकडे कापले आणि प्रत्येक सच्या खाली बरोबर बसवले, सुरुवात आणि शेवट विरघळवून. पहिल्यांदा इतके हळू की मलाच मुश्किलीने ऐकू यावेत. पाठवलं. ‘नमुना मूळ गळ्यात जमा केला आहे.’ दुसऱ्या दिवशी किंचित मोठे. मग आणखी. दातांच्या तारांची जशी सवय करून घ्यावी तशी यंत्राने माझ्या फुटाण्यांची सवय करून घेतली. दिवसेंदिवस मी ताग्यांच्या फटीत बसून केतकीचा स भरत होते आणि इतकी सुखात होते की आईने विचारलं, “कुणाशी बोलतेस का गं फोनवर?”

पोतदार सरांनी रचलेलं गाणं होतं, ‘सोनसळी सांज सजली, सखे सूर सांभाळ’. सरांच्या बायकोचं नाव सरोजिनी आहे, त्यामुळे त्यांच्या सगळ्या गाण्यांत सच स. देव आहे!

स्पर्धा आमच्याच गावच्या नाट्यगृहात होती. हॉल बायका-मुलींनी गच्च. नियम असा की स्टेजवर जाण्याआधी पट्टीत गळ्याचा ताजा नमुना उतरवून घ्यायचा. ते काम करायला त्याच मॅडम विंगेत यंत्र घेऊन बसल्या होत्या. केतकी मोरपंखी परकर-पोलक्यात आली. मानेला पट्टी. डोळे मिटले. आलाप घेतला, आणि माझा गळा त्या हॉलभर पसरला. इतका सुंदर आहे तो? तो मी कधी असा ऐकलाच नव्हता.

मग तिने शब्द उचलला. “सोनसळी.”

खळ्ळ.

केतकीने डोळे उघडले.

“सांज सजली.” खळ्ळ. खळ्ळ.

माझ्या पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय! त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “फुटाणे!”

“छे वो आत्या, शेंगदाणे हायत.”

“सखे सूर सांभाळ.” खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ.

“चिरमुरे!” “लिमलेटच्या गोळ्या!” “साबुदाणा कच्चा!” अख्खा हॉल खिरापत ओळखायला लागला. परीक्षकांतल्या एक बाई रुमालाने डोळे पुसत पेन खाली ठेवून म्हणाल्या, “डाळं!” नाझनीन बाकावर लोळत होती. आणि मी? मी ताठ बसून एकेक स मोजून घेतला. तुझे आभार मानतेय, केतकी. पोचतायत का?

मग तिने एक केलं जे माझ्या हिशेबात नव्हतं. तिने मानेची पट्टी ओढून काढली, फेकून दिली आणि गाणं पुढे सुरू केलं. स्वतःच्या गळ्यात. चिरका, बारीक, लोखंडी खाटेसारखा गळा. पण सूर! एकही सूर तसूभर हलला नाही. ओरडणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. तिने रडत रडत समेवर येऊन गाणं संपवलं, आणि कुणालाच टाळ्या सुचेनात.

मला तिचा इतका राग आला! माझा दिवस होता तो.

मी तशीच विंगेत गेले. “मॅडम, तो गळा माझा आहे.”

मॅडमनी वर बघितलं. “सर्दीवाली ना तू?”

“हो. फुटाणेवालीपण मीच.”

“बोल काहीतरी माईकमध्ये.”

“इंटरव्हल झाली गं!”

यंत्राचा दिवा हिरवा झाला. मग केतकीला बोलायला लावलं. दिवा लाल झाला. पोतदार सर तिथेच उभे होते. ते बुटांकडे बघत म्हणाले, “पण शाल्मली तर बेसूर आहे.” मॅडम त्यांना पेटी आणि बासरी समजावायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात गळा माझ्या नावावर आला. आधीचा स्वच्छ नमुना हवा की हा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्वच्छ द्या, पण फुटाणेवाला जपून ठेवा. शाळेत केतकीचं नाव ‘खिरापत’ पडलं. ती बाकावर बसली की मुली कंपासपेटी हलवायच्या. पहिले दोन दिवस मीही हलवली.

तिसऱ्या दिवशी मी गोदामात गेले आणि माझ्या गळ्यात, माझ्या सुरात ‘सोनसळी’ रेकॉर्ड केलं. ऐकलं. नादपेटीत आता मला सगळं येतं, त्यामुळे स्वतःला फसवायला काही उरलं नव्हतं. भयंकर होतं. मऊ, मधाळ आणि भयंकर. केतकीने त्या गळ्यातून काय काढलं होतं ते मी ऐकलं होतं, आणि आता ते मला विसरता येईना.

गळ्यांच्या नोंदणी कार्यालयाचा फोन आला की भरपाई काय हवी ते तक्रारदाराने सुचवावं. संध्याकाळी जेवताना घरात सभा भरली.

“लेखी माफी घे आणि मिटव,” पप्पा म्हणाले. “तिचा बाप रोज भेटतो मला चौकात. मान खाली घालून जातोय बिचारा.”

“माफी?” आईने पोळी माझ्या ताटात आपटली. “स्पर्धेत येऊच देऊ नका तिला दहावी होईपर्यंत. माझ्या पोरीला नक्कल ठरवत होती!”

दोघं भांडत राहिले. मी आमटी संपवली, हात धुतला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

“माझं ठरलंय. केतकीने मला गाणं शिकवायचं. रोज, शाळा सुटल्यावर, गोदामात. मला सूर लागेपर्यंत.”

पप्पांचा घास हातातच राहिला. “अगं, तुला सूर लागायला वर्षं जातील.”

“जाऊ देत ना! तिचे कान अचूक आहेत, पप्पा. एक सूर हलला तरी तिला त्रास होतो. ती रोज माझ्यासमोर बसेल आणि ज्या गळ्यात तिला गायचं होतं त्याच गळ्यात मी बेसूर ओरडत असेन. पळायची सोय नाही, चोहीकडे कापड आहे.”

आई हळूच म्हणाली, “आणि लागला सूर, तर?”

“तर ती स्पर्धेत पहिल्या रांगेत बसून ऐकेल. आणि पप्पा, चौकात तिचे बाबा भेटले तर त्यांना सांगा, माफीबिफी काही लिहून पाठवू नका. माफी मागितली की ती सुटेल.”